सहा आणि सहा किती?

चार इमली या नावातच मोजणी आहे. भोपाळच्या या सरकारी वसाहतीत सगळंच मोजूनमापून: बंगल्यांचे टाइप, दारावरच्या पाट्यांवरची पदं, बदलीला उरलेले महिने. संध्याकाळी एकांत पार्ककडे फिरायला निघालेली माणसं नमस्कारसुद्धा हुद्दा बघून करतात.

2013 साली दादाच्या बंगल्यात एक निराळीच बेरीज शिरली. आदल्याच डिसेंबरात कोरियाचा ‘गंगनम स्टाइल’ यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला होता आणि लग्नाच्या वरातींतही त्या नाचातले अदृश्य घोडे दौडत होते. त्याच कोरियातून आलेली ही ‘ग्वियोमी’ची बेरीज मात्र नुसत्या बोटांची. ‘बीटूबी’ या गटातल्या जंग इल-हूनने 2012 मध्ये टीव्हीवर हा लाडिक खेळ केला, फेब्रुवारी 2013 मध्ये हारी या गायिकेने त्याचं गाणं काढलं, आणि बघता बघता आशियाभरची पोरं कॅमेऱ्यासमोर बसून गालांशी बोटं नाचवू लागली. एकात एक, दोनांत दोन, असं करत सहापर्यंत जायचं. उत्तरात आकडा येतच नाही, दरवेळी आपलं गोडपणच येतं. शेवटी सहा बोटांचे सहा पापे.

माझ्या भाचीने तिच्या आजोबांना, आबांना, समोर बसवलं. आबा 1956 मध्ये राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. ते अजून पेरांवर मोजतात. अंगठा करंगळीच्या मुळापासून निघतो, प्रत्येक बोटावर एकेक पेर चढत तर्जनीच्या टोकाला पोचतो, की बारा झाले. अंगठ्याचं नख शाईने कायमचं निळसर.

“एक आणि एक?”

“दोन.”

“आबा, गलत!” तिने त्यांच्या दोन्ही तर्जन्या धरून गालांना टेकवल्या. मिशीखालचे ओठ हलले, पण आबांनी हसू दाबलं. चारपर्यंत ते मुकाट शिकले. पाचाला दोन्ही पंजे चेहऱ्याभोवती उघडताना त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर गार्ड होता.

जन्मभर कुणी लाडाने उत्तर मागितलं नव्हतं त्यांना. मागितली ती व्हाउचरं. आणि गोड दिसायचं तर आधी हसं करून घ्यावं लागतं, याची मुभा कुठल्याच हुद्द्याला नसते.

“सहा आणि सहा?”

अंगठा सवयीने तर्जनीच्या टोकाला गेला. मग आबांनी एकेक करत सहा बोटांचे पापे घेतले, चांगले आवाज करत, आणि म्हणाले, “हिशेब साफ चुकलाय. पण आक्षेप नाही.”