आधी नाणी, मग संगणक

एजंट-आधारित मॉडेलमध्ये समूहाचे समीकरण आधी मांडलेले नसते. एकेका घटकाला, म्हणजे एजंटला, दोन-तीन साधे नियम देतात आणि त्यांच्या परस्परव्यवहारातून समूहाचे चित्र कसे घडते ते पाहतात. शिकवताना हेच पटवणे सर्वांत अवघड जाते. समूहात काही रचना दिसली, की ती कोणीतरी ठरवून केली असणार, असा विद्यार्थ्यांचा पहिला समज असतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या वर्गात संगणकाआधी बुद्धिबळाचा पट मांडला जातो. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेले वस्ती-विभाजनाचे मॉडेल यासाठी उत्तम. त्यांनी स्वतःही ते पटावर नाणी सरकवत पडताळले होते. ६४ घरांवर एक आणि दोन रुपयांची नाणी विखरून ठेवायची आणि काही घरे मोकळी सोडायची. नियम एकच: लगतच्या शेजाऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश आपल्या जातीची नसतील, तर नाण्याने मोकळ्या घरात जायचे. काय होईल ते आधी वहीत लिहायला सांगितले, की ‘नाणी मिसळलेलीच राहतील’ असे बहुतेक जण लिहितात. प्रत्यक्षात एक नाणे हलले, की मागे राहिलेल्या शेजाऱ्याचे गणित बिघडते आणि त्यालाही हलावे लागते. हळूहळू पटावर एकाच प्रकारच्या नाण्यांचे पुंजके तयार होतात.

यानंतर नेटलोगो उघडावे. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या या मोफत प्रणालीत हेच मॉडेल तयार मिळते. प्रत्येक एजंटला ३० टक्के समान शेजारी हवे असले, तरी शेवटी सरासरी सुमारे ७० टक्के समान शेजारी मिळतात. सुरुवातीची मांडणी दर वेळी वेगळी असल्याने एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये. फेऱ्या अनेकदा चालवून निकालांची सरासरी आणि त्यांतला फरक दोन्ही नोंदवावेत.

मॉडेल वास्तवाशी ताडून पाहणे हा पुढचा टप्पा. वाहतूक कोंडीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी चालवल्या. वाटेत कसलाही अडथळा नसताना कोंडी झाली. मोटारी पुढे जात असताना कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. चालकांच्या वेगातील लहान चढउतारांतून कोंडी निर्माण होते, हे वाहतुकीच्या मॉडेलचे भाकीत त्यातून रस्त्यावर दिसले.

मर्यादाही त्याच वर्गात सांगायला हव्यात. शेलिंग यांचे मॉडेल सौम्य आवडीनिवडींतूनही विभाजन होऊ शकते एवढेच दाखवते. एखाद्या शहरातील विभाजन त्यामुळेच झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही; तिथे घरांच्या किमती, कायदे आणि उघड भेदभाव यांचाही शोध घ्यावा लागतो. ‘असे घडू शकते’ आणि ‘असेच घडले’ यांतला फरक ज्याला कळला, त्याच्या हाती मॉडेल सोपवायला हरकत नाही.