काकाचा कटर

आमच्याकडे, दापोली तालुक्यात, चेनसॉला कुणी चेनसॉ म्हणत नाही. कटर म्हणतात. आमच्या घरातला कटर काकाने 2006 साली घेतला, तेव्हा मी शाळेत होते. आता त्याचा नारिंगी रंग पार विटलाय, मागच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे आणि कंपनीचं नाव वाचता येत नाही. पण थंड असेल तर चौथ्या हिसक्याला आणि गरम असेल तर पहिल्याच हिसक्याला तो सुरू होतो. इतक्या वर्षांत यात बदल नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. माझ्या कामात एखादी गोष्ट बंद पडली तर तिचं कारण बरेचदा मी न लिहिलेल्या, कधी न पाहिलेल्या कोडमध्ये असतं. कटरचं तसं नाही. तो पूर्ण उघडून एका गोणपाटावर मांडता येतो. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही. इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 20 मिली. कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा नसतो, पातळ रबरी पडदा असतो, म्हणून कटर आडवा धरला, उलटा धरला तरी चालतो. क्लच वेगावर पकडतो, म्हणून इंजिन मंद असताना साखळी जागेवर उभी राहते. नुसत्या मंद इंजिनावर ती फिरायला लागली, तर आधी कटर बंद करायचा आणि मग कारण शोधायचं.

दाताला धार आहे की नाही, हे भुसा सांगतो. धार असेल तर लाकडाच्या चपट्या ढलप्या उडतात. धार गेली की पिठासारखी पूड पडते, आणि माणूस नकळत जोर लावायला लागतो. काका तेवढ्यावर थांबतो. खिशातली गोल कानस काढतो, प्रत्येक दाताला तीन-चार हात मारतो, एका बाजूचे सगळे झाले की दुसरी बाजू.

या दातांची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. तेव्हाच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे असत आणि सतत धार लावावी लागे. 1946 साली त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीने चालत होते, आणि ती लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि आडवीही सारख्याच सहजतेने जात होती. त्यावरून त्याने वाकड्या दातांची साखळी केली. आजच्या साखळ्या मूळ त्याच कल्पनेवर चालतात. काकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे भुंग्याने झाड खाल्लं तरी बोंब, आणि आपण त्याच्याकडूनच शिकलो होय!"

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊनमुळे मी गावीच होते. काही तासांत आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या मोडल्या, माड आडवे झाले, आजोबांनी लावलेला फणस गोठ्यावर पडला. रस्ते बंद, मोबाइल बंद. वीज यायला आमच्याकडे तीन आठवडे लागले. त्या दिवसांत आळीत चालू कटर दोनच होते. गायी मोकळ्या करायच्या तर आधी फणस कापायला हवा होता.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त धोक्याचं असतं, हे मी तेव्हा शिकले. त्याच्यात ताण अडकलेला असतो. ओंडका दोन टोकांवर टेकला असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. सरळ वरून कापत गेलं तर चीर मिटते आणि पट्टी आत अडकते. म्हणून वरून थोडी चीर द्यायची आणि उरलेलं खालून कापायचं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर कटर उसळून तोंडावर येतो. काका प्रत्येक ओंडक्यापाशी आधी नुसता उभा राहायचा. "आधी झाड वाच, मग हात लाव," एवढंच सांगायचा. चौथ्या दिवशी त्याने कटर माझ्या हातात दिला. "पोरीच्या हातात कटर?" असं कुणीतरी म्हणालं, काकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कटरवर प्रेम आहे म्हणताना मला थोडं अवघडायला होतं. कुऱ्हाडीने चार माणसांना दिवसभर पुरेल एवढं काम कटर तासाभरात करतो. आमच्या मागचा डोंगर गेल्या काही वर्षांत विरळ झाला, तो अशाच कटरांनी. आंबा, फणस, ऐन तोडायला परवानगी लागते असा कायदा 1964 पासून आहे. पण डोंगरात कटरचा आवाज येतो तेव्हा कुणी कागद बघायला जात नाही. काका उभं झाड पाडायचं काम घेत नाही. पडलेलं, वाळलेलं, घरावर झुकलेलं एवढंच. गावात त्यावरून त्याची चेष्टा होते, आणि मजुरीही बुडते.

आता काकाच्या बोटांना मुंग्या येतात, थंडीत बोटं पांढरी पडतात. वर्षानुवर्षांच्या कंपनांचा हा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. त्याला दोरी ओढवत नाही. मागच्या वर्षी मी बॅटरीवरचा हलका कटर घेऊन दिला. फांद्यांना तो उत्तम आहे, आणि काका तो वापरतो. पण जुना विकायचा विषय निघाला तेव्हा मीच नाही म्हटलं. तीन आठवडे वीज नसण्याचा अनुभव आम्हाला आहे.

म्हणून दर मे महिन्यात मी चार दिवस सुट्टी टाकते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करायची, नळी बदलायची, एअर फिल्टर धुवायचा, साखळीला तेल लावायचं. मी दोरी ओढते, काका ओटीवर बसून डोळे मिटून ऐकतो. "हवा जास्त घेतोय," म्हणतो. मी स्क्रू किंचित फिरवते. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

वादळानंतर लावलेल्या सुपाऱ्या यंदा पहिल्यांदा धरल्यात. त्यांच्यावर कटर चालवायची वेळ येऊ नये. आली, तर तो चौथ्या हिसक्याला सुरू झाला पाहिजे.