जुन्या संगणकाची स्मृति

विद्यार्थिमित्रांनो, "आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा," असें मी वर्गांत तुम्हांस नित्य सांगत असतों. परंतु हाच उपदेश घरीं विसरल्यामुळें मजवर खजील होण्याचा प्रसंग आला, तो आज सांगतों.

आमच्या घरीं सन २०१२ सालीं घेतलेला एक डेस्कटॉप संगणक आहे. माझी कन्या त्यावर अभ्यासाचे दोन-चार पाठ एकदम उघडी, तों तो खरखर करीत जागच्या जागीं थांबे. ह्याचें कारण असें : संगणक ज्यावर काम करीत असतो, तें तो रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत ठेवतो. ती भरली म्हणजे उरलेला भार त्यास हार्ड डिस्कवर ठेवावा व वारंवार तेथून आणावा लागतो. लहान मेजावर लिहिणारास प्रत्येक कागदासाठीं उठून कपाटाकडे जावें लागावें, तसेंच हें. आमच्या संगणकाची स्मृति अवघी २ जीबी होती.

नवा संगणक घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मीं बाजारांतून रॅमची ८ जीबीची पट्टी आणली. कन्या म्हणाली, "बाबा, आधीं जुन्या पट्टीवर काय लिहिलें आहे, तें पाहूं या ना!" "पट्टी ती पट्टी! तूं आपला अभ्यास कर," असें मीं तिला दटावलें. पट्टी खांचेंत बसेना, तेव्हां मी जोर लावूं लागलों. कन्येनें हात धरला म्हणून खांच वाचली. जुनी पट्टी डीडीआर३ जातीची, नवी डीडीआर४. पहिलीस २४० पिना, दुसरीस २८८. शिवाय कोणी भलती पट्टी बसवूं नये म्हणून दोहोंवरील खोबण निरनिराळ्या जागीं ठेवलेली. निर्जीव यंत्र 'नाहीं' म्हणत होतें, जिवंत मुलगीही तेंच म्हणत होती. आणि पदवीधर बाप दोघांचेंही ऐकत नव्हता!

दुकानदारानें फोडलेलें पाकीट परत घेतलें नाहीं. दोष माझाच होता. मीं कन्येची क्षमा मागितली व काम तिच्या हातीं दिलें. तिनें मदरबोर्डाची पुस्तिका वाचली, विजेची तार काढली, धातूच्या पेटीस स्पर्श करून अंगांतील स्थिर विद्युत् घालविली आणि डीडीआर३ च्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत दाबल्या. तरीही संगणक ४ जीबीहून कमीच वापरी. आमची प्रणाली ३२ बिटांची होती, आणि २ चा ३२ वा घात म्हणजे ४ जीबी, ही तिची मर्यादा, असें कन्येनें शोधून काढलें. सर्व लेखांची प्रत काढून तिनें ६४ बिटांची लिनक्स प्रणाली बसविली, तेव्हां कोठें काम साधलें.

ती भलती पट्टी अद्यापि माझ्या मेजाच्या खणांत आहे. वर्गांत कोणी शंकेचा हात वर केला आणि मला पुढें जाण्याची घाई झाली, म्हणजे ती मला आठवते. व मी थांबतों.