लोकसंख्या शून्य : फ्लरी गावाची गोष्ट

१/ फ्रान्समधील लहानात लहान गावांचा एक तक्ता मी हौसेने करीत होतो. एका नावापुढे लोकसंख्या होती ०. नोंदीची चूक असावी, असे समजून मी ती ओळ खोडली. हा धागा त्या खोडलेल्या ओळीविषयी आहे.

२/ गावाचे नाव फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ, म्हणजे ‘दुओमाँसमोरचे फ्लरी’. ईशान्य फ्रान्समध्ये, म्यूज नदीच्या उजव्या तीरावरील टेकड्यांवर, व्हर्दून शहरापासून काही किलोमीटरांवर ते वसले होते. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथे सुमारे चारशे माणसे राहत.

३/ गावाचा घात केला तो त्याच्या भूगोलाने. उत्तरेस दुओमाँचा किल्ला, दक्षिणेस सूव्हील, आणि पलीकडे व्हर्दून. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन हल्ला सुरू झाला, गाव रिकामे करण्यात आले. चारच दिवसांत दुओमाँ पडला. आता व्हर्दूनकडे जाणारी वाट फ्लरीवरून होती.

४/ जून ते ऑगस्ट या काळात हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले, असे सांगतात. अखेर फ्रेंचांनी ते परत मिळवले, तेव्हा परत मिळवण्याजोगे घर एकही उरले नव्हते.

५/ युद्ध संपले, पण गावकऱ्यांना परतता आले नाही. मातीत न फुटलेले तोफगोळे होते, विषारी द्रव्ये होती आणि असंख्य मृतदेह होते. हा टापू ‘लाल पट्टा’ ठरला. पुढे त्यावर वृक्षलागवड झाली.

६/ गावाचा कायदेशीर दर्जा मात्र शासनाने काढून घेतला नाही. मतदारच नसल्याने निवडणूक होत नाही. जिल्ह्याचा प्रीफेक्ट मेयरची नेमणूक करतो. कारभार तो कसला? स्मारकांची निगा आणि मृतांचे स्मरण. व्हर्दूनच्या परिसरात अशी निर्मनुष्य कम्यून सहा आहेत.

७/ पुढे मी तिथे गेलो. झाडांखाली जमीन उंचसखल, खळग्याला लागून खळगा. सगळ्यांवर मऊ हिरवळ. पायवाटेच्या कडेने छोट्या पाट्या : इथे शाळा होती, इथे पाववाला राहत असे. एका पाटीपाशी मी नकळत बाजूने वळून गेलो. मग लक्षात आले, कुणाच्या तरी उंबरठ्यावर पाय पडू नये म्हणून मी वळलो होतो.

८/ इतिहासाच्या अभ्यासात आपण आकड्यांवर विश्वास ठेवतो. न पटणारा आकडा मात्र चटकन चूक ठरवतो. मी तेच केले होते. घरी परतल्यावर तक्ता उघडला आणि ती ओळ पुन्हा लिहिली. तिच्याखाली उरलेल्या पाच गावांची नावे लिहिली : बोमाँ, बझाँव्हो, क्युमियेर, ओमाँ, लूव्हमाँ. प्रत्येकापुढे ०.