धुराची वाट

घरांत काय येतें याकडे मनुष्याचें जितकें लक्ष असतें, तितकें घरांतून काय बाहेर जातें याकडे नसतें. धान्य निवडून घ्यावें, दूध पारखून घ्यावें, पाणी गाळून प्यावें, हें आम्हां सर्वांस लहानपणापासून शिकविलें जातें. परंतु मोरीचें पाणी कोणाच्या दारापुढून वाहतें आणि चुलीचा धूर कोणाच्या खिडकींत शिरतो, याची चौकशी बहुधा शेजाऱ्यालाच करावी लागते. यंत्रांचेंहि असेंच आहे. मोटारीविषयीं बोलतांना लोक तिचा रंग, तिचा वेग आणि तिची किंमत विचारतात. ती आपला उच्छ्वास कोठें व कसा टाकते हें विचारणारा विरळा. गेल्या हिवाळ्यांत आमच्या पुतण्यानें हा प्रश्न आमच्या कुटुंबापुढें आणून ठेविला, आणि तोहि भिवंडीस धामणकर नाक्याजवळील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मोटारीखालीं उताणें पडून.

या पुतण्यापाशीं टर्बो लाविलेली एक लहानशी पेट्रोल मोटार आहे. टर्बो म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं आपल्या आजीची चूल आठवावी. चुलीच्या मुख्य तोंडावर भात शिजत असे, आणि तिच्या पोटांतून निसटणाऱ्या ज्वाळेवर, बाजूच्या वैलावर, वरण किंवा दूध तापत असे. जळण एकच, कामें दोन. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें तिचें मर्म हेंच होय. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर फुकट न दवडतां त्यानें एक चक्र फिरवावयाचें. त्याच कण्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावयाची. हीं चक्रें मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतात. लहान इंजिन मोठ्या इंजिनाचें काम करतें तें या वैलाच्या जोरावर.

चक्र फिरवून झाल्यावर धूर ज्या नळींत उतरतो तिला डाउनपाइप म्हणतात. आजकालच्या पुष्कळ मोटारींत याच नळीच्या पोटांत धूर शुद्ध करणारें एक भांडें बसविलेलें असतें. आमच्या पुतण्याला ही नळी काढून तिच्या जागीं बाजारांतून आणलेली, अधिक रुंद व आंतून पोकळ अशी नळी घालावयाची होती. त्याचा हिशेब सरळ होता. चक्राच्या अलीकडे दाब अधिक आणि पलीकडे कमी, या अंतरावरच चक्राची गति अवलंबून. तेव्हां पलीकडची वाट मोकळी केली कीं चक्र लौकर वेग घेणार आणि मोटार चपळ होणार. या हिशेबांत गणिताची चूक नव्हती.

एका रविवारीं सकाळीं आठ वाजतां कामास आरंभ झाला. चालत्या गाडीच्या या भागांतील धुराचें तापमान सातशें ते नऊशें अंशांपर्यंत चढूं शकतें. म्हणून यंत्र रात्रभर थंड होऊं दिलें होतें. मागच्या चाकांस अटकाव लावले, पुढची बाजू जॅकनें उचलून लोखंडी घोड्यांवर टेकविली, आणि बॅटरीची ऋण तार सोडविली. आमच्याकडे दिवा धरण्याचें काम आलें. “काका, जरा डावीकडे,” एवढेंच शब्द तासभर ऐकूं येत होते. धुरांतील प्राणवायूचें प्रमाण ओळखणारे दोन सेन्सर त्यानें जपून काढले. परंतु टर्बोस नळी जोडणाऱ्या चाक्यांपैकीं एक उष्णतेनें अशी जखडून बसली होती कीं तेल सोडून आणि वाट पाहूनहि ती जागची हालेना.

आमचें गांव यंत्रमागांचें, हें येथें उपयोगी पडलें. शेजारच्या कारखान्यांतील एक वयस्क जॉबर, म्हणजे माग बिघडला असतां तो दुरुस्त करणारा कारागीर, चहा घेण्यास निघाला होता. त्यानें वाकून पाहिलें, पाना हातांत घेतला आणि म्हणाला, “पहिल्यांदा सैल करायची नाहीं, बेटा. आधीं अंमळ आवळायची. गंज तुटला कीं ती आपली आपण ऐकते.” तसें केल्यावर चाकी खरोखरच ऐकती झाली. जन्मभर लोखंडाशीं संसार केलेल्या मनुष्याचें हें ज्ञान कोणत्याहि पदवीच्या अभ्यासक्रमांत नसावें.

दुपारीं दोन्ही नळ्या गोणपाटावर शेजारीं शेजारीं ठेविल्या. नव्या नळींतून पाहिलें तर पलीकडचा उजेड दिसे. जुनीच्या भांड्यांत मात्र चिनी मातीच्या जातीची एक जाळी होती. मधमाशांच्या पोळ्यासारखी, पण त्याहून कितीतरी बारीक. अशा जाळींत दर चौरस इंचास चारशें किंवा त्याहूनहि अधिक छिद्रें असतात, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान् धातूंचा पातळ लेप असतो. यंत्र तापलें कीं याच लेपाच्या साह्यानें विषारी कार्बन मोनॉक्साइडाचें निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतें, अर्धवट जळलेलें पेट्रोल पुरतें जळतें, आणि नत्राच्या दाहक वायूंतून साधा नत्रवायु मोकळा होतो. आपल्या देशांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल मोटारींस असें भांडें १९९५ सालीं सक्तीचें झालें; त्यासाठीं शिशाविरहित पेट्रोल विकावें लागलें, कारण शिशाच्या स्पर्शानें तो लेप निकामी होतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मर्यादा तर याहूनहि कडक आहेत. आणि वाहनाचा धूर व आवाज यांचे नियम मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा कैदहि होऊं शकते.

हें सारें पुतण्याला आमच्याहून अधिक ठाऊक होतें. त्याचें म्हणणें वेगळेंच होतें. “काका, या नाक्यावरून दिवसभर कापडाचे ट्रक आणि टेंपो जातात. त्यांत माझ्या एका गाडीनें असा काय फरक पडणार?” हा प्रश्न तरुणांचाच असतो असें नाहीं, मोरीचें पाणी रस्त्यावर सोडणारा गृहस्थहि हेंच विचारतो. आमचे बंधु, ज्यांचीं तीस वर्षें माग चालविण्यांत गेलीं, तेवढे म्हणाले, “मागाच्या आवाजांतून शंभर घरांच्या चुली पेटतात. तुझ्या गाडीच्या आवाजांतून कोणाची पेटणार?” परंतु मोटार त्याची होती, पैसा त्याच्या पगाराचा होता, आणि नळी चढली.

खरें सांगावयाचें तर मोटार चपळ झाली. त्या सायंकाळीं ठाण्याच्या रस्त्यास आम्ही त्याच्या शेजारीं बसलों होतों. पायाखालचा जोर पूर्वीपेक्षां लौकर जागा होत होता, आणि पुतण्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो स्वतःच्या हातांनीं कांहीं घडविलें असतांच दिसतो. थोड्या दिवसांत यंत्राच्या तबकडीवर एक पिवळा दिवा लागला. शुद्धीकरणाच्या भांड्यामागें बसविलेला दुसरा सेन्सर आपलें भांडें शोधीत होता आणि तें त्यास सांपडत नव्हतें. संगणकाच्या युक्तीनें हा दिवा विझवितां येतो, असें पुतण्या म्हणाला.

तो दिवा विझवितां आला असता. दुसरी एक गोष्ट तशी नव्हती. आमच्या मातोश्रींची खिडकी पहिल्या मजल्यावर, मोटार उभी राहते त्याच्या बरोबर वर आहे. त्या खिडकीसमोर मागांची शाळा आहे. साठ वर्षें त्या खटखटीशेजारीं त्यांनीं संसार केला, मुलें वाढविलीं, आजारपणें काढलीं, पण आवाजासाठीं कधीं खिडकी लाविली नाहीं. माग बंद पडले म्हणजे मात्र त्यांची झोंप मोडे. नळी बसविल्यानंतर तिसऱ्या दिवशीं, सकाळीं सातच्या सुमारास, पुतण्यानें कचेरीस जाण्यासाठीं मोटार सुरू केली आणि वर खिडकी लागल्याचा आवाज झाला. चौथ्या दिवशीं ती त्याच्या किल्ल्या वाजतांच लागली. मातोश्री कोणास कांहीं बोलल्या नाहींत. जेवतांना त्यांनीं पुतण्याच्या पानांत नेहमींप्रमाणें तुपाची धार धरली.

जो वास त्यांना वर लागत होता तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलाचा होता. ज्या वायूची खरी भीति धरावी तो कार्बन मोनॉक्साइड तर वासावरून ओळखूंहि येत नाहीं. पुढच्या रविवारीं पुतण्या एकटाच खालीं उतरला. आम्ही दिवा घेऊन गेलों तों घोडे लागलेले होते. कोणीं त्याला उपदेश केला नव्हता, आणि आम्हींहि कारण विचारलें नाहीं. या खेपेस काम तीन तासांत आटोपलें. जुनी नळी नव्या गॅस्केटसह जागेवर बसली, चाक्यांस उष्णतेंत न जळणारें तांब्याचें वंगण लागलें, आणि आवळण्यापूर्वीं त्यानें प्रत्येक चाकी हातानें फिरवून पाहिली. पोकळ नळी आतां माळ्यावर, मोडक्या पाळण्याशेजारीं आहे. बंद मैदानांत शर्यतीसाठीं वेगळी गाडी ठेवीन तेव्हां ती काढीन, असें तो म्हणतो. त्याला आमची कांहींच हरकत नाहीं.

या प्रकरणाचा आम्हीं मागाहून पुष्कळ विचार केला. शुद्धीकरणाचें भांडें धुराच्या वाटेंत अडथळा करतें, हें पुतण्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. जाळी आहे म्हणजे अडथळा आहेच. पण मनुष्यांच्या शेजारीं मनुष्य राहूं लागला तेव्हांपासून असेच अडथळे आपण आपल्या वाटेंत मुद्दाम बसवीत आलों आहों. रात्रीं शेजारीं कोणी आजारी असतां आपण आवाज उतरवितों, दुसऱ्याच्या दारांत केर लोटीत नाहीं, ओठांवर आलेला शब्द क्षणभर थोपवून मग बोलतों. या प्रत्येकांत आपली थोडी चपळाई खर्च होते. ट्रकांच्या धुरापुढें एका मोटारीचा धूर किती, हें गणित आकाशासाठीं ठीक आहे. पण धूर आकाशांत मिसळण्यापूर्वीं कोणाच्या तरी खिडकीवरून जातो, आणि तेथें हिशेब एकास एक असाच करावा लागतो. सकाळीं सात वाजतां आमच्या खालीं मोटार सुरू होते. आरंभींचा अर्धा-एक मिनिट, जाळी तापेपर्यंत, थोडा वास येतोच. मातोश्रींना तो चालतो.