भोरडी आली त्या आठवड्यात

लर्विक, शेटलंड
८ जून

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

इकडची मोठी बातमी म्हणजे मंगळवारी इथे भोरडी आली. आपलीच, ज्वारीवर पडते ती. दक्षिणेकडच्या एका घराच्या परसात एकटी उतरली होती. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, मानेवर लोंबणारा तुरा. दुपारपर्यंत सगळ्या बेटावर निरोप गेला आणि अरुंद रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली. ड्यूटी संपवून मीही गेले. माणसं दुर्बिणी लावून अगदी गप्प उभी होती. मला मात्र हुरड्याच्या दिवसांतलं आपलं काळं रान दिसत होतं. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारे तुम्ही, एका कणसावरून उठून दुसऱ्यावर पडणारे हजारो भोरड्यांचे थवे, आणि संध्याकाळी तुमचा बसलेला आवाज. एका भोरडीसाठी इतकी माणसं थांबलेली पाहून तुम्हाला काय वाटलं असतं, हेच मनात येत राहिलं.

ती आपल्या मंगळवेढ्याच्या रानातूनच आली असं म्हणता येणार नाही. पण तिने हिवाळा आपल्या देशात काढला असणार हे जवळजवळ नक्की, कारण भोरड्यांचा हिवाळ्यातला मुख्य मुक्काम भारतातच असतो. एप्रिलमध्ये त्या आपल्याकडून निघतात ते कझाकस्तानच्या गवताळ माळांकडे आणि त्याच्या आसपासच्या मुलखात. तिथे दगडांच्या कपारीत एका जागी शेकडो घरटी करतात आणि पिलांना टोळ, नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर सरकारने १९८० च्या दशकापासून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले आहेत, टोळ आटोक्यात राहावेत म्हणून. काही वर्षी त्यांचे थवे नेहमीची हद्द ओलांडून थेट पश्चिम युरोपात घुसतात. २०१८ आणि २०२० साली ब्रिटनमध्ये त्या पुष्कळ दिसल्या होत्या. त्यांतली एखादी आणखी पुढे सरकत या साठ अक्षांशावरच्या बेटांवर पोचते. इथून पुढे नुसता समुद्र. जूनमध्ये तिच्या जातीची सारी पाखरं घरट्यात असताना ही एकटी इथल्या गवतात किडे शोधत होती. बघणाऱ्यांचा आनंद खरा होता आणि मीही हरखले होते, पण हा हंगाम तिच्या हातून गेला हे काही मनातून जाईना.

वसंतात इथे सगळा खेळ वाऱ्याचा. मे महिन्यात जर्मनी-डेन्मार्ककडून नॉर्वे-स्वीडनला निघालेली लहान पाखरं रात्रीची उडतात. वाटेत ढग-पाऊस लागला आणि वारा आग्नेयेचा असला, की ती उत्तर समुद्रावर भरकटतात आणि पहाटे जी पहिली जमीन दिसेल तिथे कोसळल्यासारखी उतरतात. झाडं इथे जवळपास नाहीतच. मग दगडी कुंपणाचा आडोसा, ओढ्याची घळ, कोबीचा वाफा, मिळेल तिथे बसतात. असाच वारा लागला तेव्हा आमच्या मागच्या भिंतीवर एक शंकर पक्षी दिसला. निळ्या गळ्याचा, मधे तांबडा ठिपका. आपल्या ओढ्याच्या लव्हाळ्यात हिवाळाभर असतो तोच. नॉर्वेच्या अभ्यासकांनी या शंकर पक्ष्यांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा ती आफ्रिकेत न जाता भारतीय उपखंडाकडे हिवाळा काढायला जातात हे कळलं.

इथून दक्षिणेला फेअर आयल म्हणून बेट आहे. जेमतेम पाच किलोमीटर लांब, वस्ती शंभराचीही नाही. जॉर्ज वॉटरस्टन नावाचा स्कॉटिश माणूस दुसऱ्या महायुद्धात क्रीटवर पकडला गेला आणि जर्मनांच्या कैदेत बसून त्याने या बेटावर पक्षी-केंद्र काढायचा बेत आखला. १९४३ मध्ये आजारपणामुळे सुटून परत येताना बोटीवरून त्याला मायदेशाची जी पहिली जमीन दिसली ती फेअर आयलचीच. पुढे त्याने ते बेट विकत घेतलं आणि १९४८ मध्ये केंद्र सुरू केलं. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्राची इमारत जळून खाक झाली, पण नोंदींच्या प्रती आधीच संगणकावर उतरवलेल्या होत्या, त्या वाचल्या. त्या नोंदींत दुर्मीळ पाहुणे आहेत तशीच रोजची पाखरंही आहेत. रोज संध्याकाळी सगळ्यांनी बसायचं आणि आज कोण किती दिसलं ते लिहायचं, चिमणीसुद्धा. मला या रिवाजाचं फार अप्रूप वाटतं.

कारण खरी काळजीची बातमी त्या रोजच्या पाखरांची आहे, मामा. आर्क्टिक सुरय, ज्याला इथले लोक तिरिक म्हणतात, तो दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रापासून इथवर येतो आणि पिलांना भरवायला सँडईल नावाची बारीक मासळी पुरेशी नसली की वीण वाया जाते. किटिवेक नावाच्या समुद्रपक्ष्यांनी गजबजलेले कितीतरी कडे आता ओस आहेत. बॉन्क्सी म्हणून एक मोठा दांडगा समुद्रपक्षी आहे. बर्ड फ्लूच्या साथीनंतर २०२३ मध्ये मोजणी झाली, तेव्हा ब्रिटनमधली त्याची संख्या तीन-चतुर्थांशाने घटलेली निघाली. २०२४ मध्ये इथल्या सरकारने उत्तर समुद्रातल्या आपल्या पाण्यात सँडईल पकडायला बंदी घातली, हे फार चांगलं केलं. पण ही घट कळली कशी? नेहमीची पाखरं मोजायचा कंटाळा न करणारी माणसं होती म्हणून. भोरडीसाठी लागलेली गाड्यांची रांग तिरिकच्या रित्या वाळूपाशी कधी लागत नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही बाजारभाव आणि पाऊस लिहिता त्याच वहीत पाखरंही लिहाल का? भोरड्यांचा शेवटचा थवा एप्रिलच्या कोणत्या तारखेला दिसला, सप्टेंबरात विहिरीवर पहिला धोबी कधी आला, शेपटी उडवणारा लाल छातीचा माशीमार कडुलिंबावर कधी दिसला, एवढंच. थव्याचा आकडा अंदाजाने टाकलात तरी चालेल. आणि ज्या दिवशी काहीच दिसलं नाही, तेही लिहा. तुम्ही पन्नास वर्षं त्याच रानात उभे आहात. पूर्वीपेक्षा थवे लहान झालेत की मोठे, हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार? वही भरली की धाकट्याला फोटो काढून पाठवायला सांगा, मी इथे नीट उतरवून घेईन आणि पक्षीगणनेच्या नोंदींत तुमच्या नावाने घालीन.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल रोज लावतात ना, ते विचारलंय म्हणून सांगा.

तुमची भाची