उतार कुणामुळे पडला?

आमच्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात विंचू उतरवणारा माणूस जवळपास प्रत्येक वाडीला ठाऊक असायचा. तो मंत्र टाकायचा, पाला चोळायचा आणि सकाळपर्यंत कळ थांबायची. त्याचं नाव व्हायचं. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. काळा विंचू चावला तर बहुतेकदा नुसत्या वेदना होतात आणि त्या आपसूक ओसरतात. ओसरताना जो उशाशी बसलेला असतो, श्रेय त्याला जातं.

लाल विंचवापुढे मात्र मंत्र चालायचा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा त्यांनी हेच पाहिलं. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडातून गुलाबी फेस. विषामुळे शरीरात ताणाची रसायनं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला तो भार झेपत नाही. फुप्फुसात पाणी भरून दगावणाऱ्यांचं प्रमाण तेव्हा २५ ते ३० टक्क्यांच्या घरात होतं. बावस्कर रुग्णांजवळ बसून तासातासाच्या नोंदी ठेवत गेले. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरून पाहिली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं.

मांत्रिकाकडेही बरे झालेले रुग्ण होते आणि डॉक्टरांकडेही. फरक नोंदवहीचा होता. गोळीच्या आधी किती दगावत होते आणि नंतर किती, हे एकाला सांगता येत होतं. दुसरा फक्त बरे झालेल्यांची नावं सांगायचा.

प्रत्येक वेळी फरक इतका ढळढळीत नसतो. विंचवाचं प्रतिविष आल्यावर प्रश्न पडला की प्राझोसिनसोबत ते दिल्याने काय वाढतं? महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच्या मनावर न सोडता, नाणं उडवावं तसं ठरवलं गेलं. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवर असलेल्या ३५ पैकी आठच जण. पण प्रकृती आणखी बिघडलेल्यांची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी होती. म्हणजे प्रतिविषाने रुग्ण लवकर बरा होतो हे कळलं, आणि बिघडणं टाळण्यात त्याने भर घातली असं दिसलं नाही, हेही कळलं. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे छापलं.

हे सगळं मी शोधून वाचलं ते बाबांच्या कानामुळे. एमआयडीसीत मशीनवर पंचवीस वर्षं काढल्यावर त्यांच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. रात्री झोप नाही. कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं, दहा बैठका, प्रत्येकीचे पाचशे रुपये. मी म्हटलं, “बाबा, सुया टोचायच्या आधी तीन आठवडे रोज रात्री आवाजाला दहापैकी मार्क द्या.” त्यांनी जुन्या डायरीत दिले. एके दिवशी आठ, मग तीन, मग सहा, परत आठ. काही उपचार नसताना! माणूस सुया टोचून घ्यायला जातो तो आठ मार्कांच्या दिवशी. पुढे आकडा उतरणारच असतो.

कानातल्या आवाजावरच्या ॲक्युपंक्चरच्या सहा चाचण्यांचा आढावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्या दोन चाचण्यांत आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं, तिथे फायदा दिसला. ज्या चार चाचण्यांत ते झाकून ठेवलं होतं, तिथे दिसला नाही. बाबांनी डायरी मिटली आणि म्हणाले, “पाच हजारात मशीनवाला नवा पंखा येतो.” आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऐकण्याची तपासणी केली. आता रात्री पंखा बारीक चालू असतो. आवाज आहेच, पण ते झोपतात.

आईचं बरोबर उलटं होतं. आशाताईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं सांगितलं, तर ती म्हणाली, “मला काही होत नाहीये, मग कशाला?” इथे दुखतच नाही, त्यामुळे उतार पडल्याचं समाधानही नाही. फायदा झाला तरी तो आपल्याला जाणवत नाही. तो फक्त हजारो बायकांच्या मोजणीत दिसतो.

ती मोजणी मुंबईत टाटा मेमोरियलने केली. १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती दिली. उरलेल्या वस्त्यांत माहितीसोबत दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि पांढरे डाग उमटतात का पाहायचं. हे डॉक्टरांनी नाही, दहावी झालेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केलं. बारा वर्षांनी तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. नुसती माहिती मिळालेल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका मला पटते. पण नुसत्या माहितीवर थांबू नये, हे त्याच बायकांमुळे कळलं, म्हणून त्यांचं ऋण आणखी वाटतं.

मी आईला हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “दुखतं का?” थोडी चुरचुर होते, म्हटलं. लावणी उरकल्यावर ती शेजारच्या दोघींना घेऊन गेली. संध्याकाळी परत आली ती जरा चिडूनच. “बघ, काही निघालं नाही. उगाच गेले.”

पुढची तारीख मी माझ्या मोबाईलमध्ये टाकून ठेवली आहे.